स्वयंपाकघर, भिंतीसकट

१२ जानेवारी

॥ श्री ॥

वन्सं यांस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

ह्यांना जाऊन वर्ष झालं. भाऊ गेल्याचं कळल्यावर तुमची तार आली होती, त्यानंतर काही नाही. आता पत्र आलं, ते दार मागायला.

रागावून लिहीत नाही. आधी गोंधळले, मग आनंदच झाला. तुम्ही लिहिता, "मला इकडे एक घर मांडायचंय. त्यासाठी आपल्या स्वयंपाकघराचं दार हवंय, भिंतीवरची भांड्यांची फळी आणि जुना कंदीलही." म्हणजे शेवटी संसार थाटताय! देवापुढे साखर ठेवली. परक्या मुलखात इतकी वर्षं एकट्या काढल्यात, रात्री अंथरुणावर पडलं की तुमचा विचार यायचा, खोटं नाही सांगत. कोण आहेत ते? नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, पण माणूस स्वभावाने बरा आहे ना, आणि घरातलं काही करतो की नुसता पेपर वाचतो, एवढं कळवा.

शेजारची शिंपीण म्हणाली, "तिकडे दारं मिळत नाहीत का?" तिला म्हटलं, लेकीला माहेरचं काहीतरी हवंसं वाटतंच. कोणी लुगडं नेतं, कोणी भांडं. आमच्या वन्संनी दार मागितलं. ती म्हणाली, "नशीब, विहीर नाही मागितली."

दार काढलं की स्वयंपाकघर उघडं पडणार, मांजर फिरणार. पण जुन्या चादरीचा पडदा करते. तुमच्या शुभकार्यात आडवी येणार नाही.

तुमची,
वहिनी


३ फेब्रुवारी

वहिनी,

कोणी नाहीये गं. हसू आलं आणि रडूही. माझ्याच लिहिण्याची चूक.

मी मांडणशिल्प करते आहे. एका मोठ्या दालनात खऱ्या वस्तू अशा मांडायच्या की बघणाऱ्याने त्यांच्यामधून चालत जायचं. नुसतं लांबून चित्र बघायचं नाही. माझ्या दालनात एक स्वयंपाकघर असेल, पण भिंतींशिवाय. दार हवेत लटकलेलं, फळी हवेत, कंदील हवेत, सगळं तारांवर. घर सुटलेल्या माणसाच्या डोक्यात घर असंच असतं. सगळं दिसतं, पाय ठेवायला जमीन नसते.

तुला वाटेल, हे काय खूळ. पण माझी इथली खोली एकदा बघ. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत हाताला लागते. मालकीण फोडणीच्या वासाने दार वाजवते, म्हणून मी उकडलेलं खाते. बारा वर्षं झाली, अजून मला विचारतात, "तू मूळची कुठली?" आणि तिकडून कोणी भेटलं की म्हणतं, "तुम्ही आता तिकडच्याच." स्वप्नात मात्र मी नेहमी आपल्या स्वयंपाकघराचं दार ढकलून आत जाते. दुसरीकडे कुठेच जात नाही.

वाहतुकीचं सगळं मी बघते. तू फक्त दार उतरवून दे. आणि हे महत्त्वाचं: जसं आहे तसं पाठव. त्याच्यासाठी काही म्हणजे काही करू नकोस.

तुझी,
नणंद


२५ मार्च

॥ श्री ॥

वन्सं यांस आशीर्वाद.

लग्न नाही हे वाचून मन जरा खट्टू झालं. देवापुढची साखर मुंग्यांनी नेली म्हणायची. पण तुमचं काम मोठं आहे, चार लोक बघायला येणार आहेत, तेही काही कमी नाही. मांडणी मला फक्त भांड्यांची ठाऊक. तीही हवेत राहत नाही. असो. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईला सगळं कळलंच पाहिजे असं नाही.

सुताराला बोलावलं. तो दाराभोवती दोनदा फिरला.

"काय झालंय याला? चांगलं तर आहे."

"झालं काही नाही. परदेशी चाललंय."

"एकटंच?"

"एकटंच."

"मग बिजागऱ्या तरी पाठवा सोबतीला. परक्या गावात ओळखीचं कोणी असलेलं बरं."

म्हणून बिजागऱ्या आणि कडीही ठेवली आहे. पिशवी वेगळी बांधली आहे, बघून घ्या.

तुम्ही लिहिलंत, जसं आहे तसं पाठव, काही करू नकोस. हा तुमचा मनाचा मोठेपणा. पाहुणा म्हणतोच हो, "माझ्यासाठी काही करू नका." म्हणून कोणी हात जोडून बसून राहतं का? दार चारचौघांत जाणार, त्यातून परक्यांच्या. आमच्या वन्संची वहिनी घर कसं ठेवते, असं कोणी म्हणायला नको. सोडा घातलेल्या कढत पाण्याने दार कात्याने घासलं. कडीच्या वर तेलकट काळपट जागा होती, ती काही केल्या जाईना. मग सुताराकडून रंधा मारून घेतला, पॉलिशपेपर फिरवला. चिरा पडल्या होत्या तिथे लांबी भरून घेतली. वरून ऑइलपेंटचे दोन हात दिले, साईच्या रंगाचे. फळीलाही तोच रंग, उरला होता म्हणून. कंदिलाची काच तडकलेली होती, ती नवी बसवली. सगळं इतकं उजळलं की शिंपीण म्हणाली, "आता ह्यालाच स्थळ सांगून येईल."

पोत्याच्या तागात गुंडाळून, वर गादीचा जुना कापूस लावून पेटी बंद केली आहे. पोचल्याचं कळवा.

तुमची,
वहिनी

ता. क. पडदा लावला आहे. मांजर येतंच.


९ मे

वहिनी,

पेटी उघडली. तू काय केलंस हे?

मी तिथेच जमिनीवर बसले. माझ्याबरोबर काम करणारी माणसं विचारत होती, वस्तू चुकीची आली का. काय सांगू त्यांना? वस्तू बरोबर आहे, पण माझ्या वहिनीने तिचा जीव घेऊन ती पाठवली आहे?

कडीच्या वर तो डाग होता. आईच्या हाताचा. आई पदराला हात पुसत यायची आणि तळव्याने दार ढकलायची, वर्षानुवर्षं त्याच जागी. तो डाग मी डोळे मिटूनही काढून दाखवीन. त्या डागासाठी दार मागवलं होतं, गं. दारं इथेही मिळतात. मी तुझा रंग खरवडून बघितला, तर खाली गोरंपान लाकूड. फळीवरची भांड्यांची वर्तुळं गेली. कंदिलाची काजळी गेली.

जसं आहे तसं पाठव, असं लिहिलं होतं. चार शब्द होते. ते तरी वाचायचे होतेस.

आईचं मागे राहिलेलं तेवढंच होतं.


२ जून

॥ श्री ॥

वन्सं यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र आल्यापासून जेवणावर मन नाही. तुम्हाला लागलं याचं वाईट वाटतं. एवढं लांब पाठवलेलं कामी आलं नाही, तेही वाईट. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सासूबाई वर बघताहेत, त्यांच्याबद्दल खोटं लिहिणार नाही.

तो डाग त्यांच्या हाताचा नव्हता.

त्या हिंडत्याफिरत्या होत्या तोवर त्या दारावर डाग टिकण्याची बिशाद नव्हती. दर शनिवारी दार पुसून घ्यायच्या. एकदा राहिलं तर मला म्हणाल्या, "तुमच्या माहेरी दारांना हात पुसतात वाटतं." तेव्हा मी नवीन होते, डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही तिथेच अभ्यास करत बसला होतात आणि हसला होतात. लहान होतात, त्याचं काही नाही.

डाग पडायला लागला तो त्या अंथरुणाला खिळल्यावर. एका हातात त्यांचं भांडं, दुसऱ्या हातात पाणी, मग दार ढकलायचं कशाने? मनगटाने, तळव्याने, जमेल तसं. दिवसातून किती खेपा व्हायच्या त्या मोजल्या नाहीत. दार पुसायला मग कोण मोकळं होतं? तुम्ही त्यांच्या शेवटच्या दिवसांत आलात, आठवडाभर होतात, तेव्हा पाहिला असणार.

माझ्या हाताचा डाग तुम्ही आईचा म्हणून मनात जपलात. एका परीने बरंच वाटलं. पण मी माझाच हात पुसला, त्यांचा नाही. एवढंच.

तुमची,
वहिनी


२८ सप्टेंबर

वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही. रागावले होते, मग कामात बुडाले.

प्रदर्शन सुरू झालं. इतकं झालं की मलाच खरं वाटत नाही. दारावर रांग लागते. वर्तमानपत्रांत आलं. इथल्या एका नाटकवाल्या रंगाऱ्याने डाग परत काढून दिला. तेल, काजळी आणि कसलासा डिंक वापरून, आईच्या आजारपणात मी काढलेल्या फोटोवरून त्याने हुबेहूब केला. फळीवर वर्तुळंही काढली. एक म्हातारा रोज येतो, दारासमोर उभा राहतो आणि जातो. त्याचं गाव कुठल्याशा धरणाखाली गेलं म्हणे. एक बाई माझा हात धरून रडली. वहिनी, इतक्या वर्षांत इथे पहिल्यांदा मला कोणी तरी ओळखलं.

डागाबद्दल तू लिहिलंस ते तुझ्या परीने खरं असेल. मला जसं आठवतं तसं आठवतं.

फोटो पाठवते आहे, आणि प्रदर्शनाची पुस्तिकाही. त्यात माझं लिखाण इथल्या भाषेत आहे. कोणाकडून तरी वाचून घे. हे सगळं तू दार दिलंस म्हणून झालं, हे विसरले नाही.

तुझी,
नणंद


१९ ऑक्टोबर

॥ श्री ॥

वन्सं यांस आशीर्वाद.

फोटो पाहिले. दार छान टांगलं आहे. खाली उजेड पडतो तोही छान. तुम्ही वाळलात.

पुस्तिका वाचायला शिंपिणीच्या मुलीला बोलावलं, ती कॉलेजात जाते. तिने पहिलं पान आपल्या भाषेत सांगितलं, तुमच्या लहानपणाचं. सासूबाई कशा गुणगुणायच्या, मामंजी कसे दारातून हाक मारायचे. ऐकून मलाही गलबलून आलं. मग ती थांबली. म्हणाली, "काकू, पुढचं मला नीट कळत नाही." म्हटलं, "तुला कळतंय. वाच."

तिने वाचलं. "या घरातली माणसं एकेक करून गेली. आता तिथे कोणी राहत नाही. तिथे फक्त धूळ राहते."

शिंपीणही मशीन सोडून ऐकायला आली होती. ती म्हणाली, "आणि मग तुम्ही कोण? भूत?" एरवी मी हसले असते.

वन्सं, तुम्ही माझ्या पत्त्यावर पत्र टाकता. पोस्टमन ते माझ्या हातात देतो. मी सही करून घेते. तुम्हाला दार हवं होतं तेव्हा उतरवून देणारं इथे कोणी होतं. मग लिहिताना मी कुठे गेले? "माझी वहिनी राहते" एवढं लिहिल्याने तुमच्या दाराची किंमत उतरली असती का? ते नको तर गप्प तरी राहायचं. पण धूळ? दुसरं काहीही म्हणा. आळशी म्हणा, अडाणी म्हणा. पहाटे उठून देवाचं नाव घेत मी हे घर झाडते, ते लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

या घरात कोण राहतं, ते मला कळवा.

तुमची,
वहिनी


१४ नोव्हेंबर

वहिनी,

ते घर म्हणजे आपलं घर नव्हे, हे तुला कसं सांगू? ते सगळ्यांचं सुटलेलं घर आहे. कलेत तसंच लिहावं लागतं. तुझं नाव घातलं असतं तर ती एका कुटुंबाची गोष्ट झाली असती.

पण तू विचारलंसच, तर ऐक. मला बोलता यायला लागल्यापासून मी ऐकत आले, हे घर तुझं नव्हे, तू परक्याचं धन. आई म्हणायची, बाबा म्हणायचे, दादा थट्टेत म्हणायचा. शिकायला बाहेर गेले तर म्हणाले, गेलीच. आई आजारी म्हणून धावत आले, तर माझ्या खोलीत तुझ्या ट्रंका. माझी खाट माळ्यावर. आणि तू, वहिनी, आंघोळीला जाताना मला पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल काढून दिलास. घडीचा, कडक. बाकी सगळ्यांचे दोरीवर होते. तो टॉवेल हातात घेऊन मी किती वेळ उभी होते तुला माहीत नाही. त्या दिवशी कळलं की आपण आता या घरात येतो, असत नाही. तुला राहायला घर मिळालं, मला फक्त आठवायला. तर निदान आठवण मला हवी तशी करू दे.

आता दुसरं, आणि हे शांतपणे वाच. इथल्या संग्रहालयाला कायमसाठी संपूर्ण स्वयंपाकघर हवं आहे. खरं. ओटा, फरशी, देवांच्या कोनाड्याची भिंत, सगळं भिंतीसकट कापून आणायचं आणि इथे उभं करायचं. अशी संधी माणसाला एकदा मिळते. त्यानंतर मला कोणी "मूळची कुठली" विचारणार नाही, माझं मूळच इथे आणून ठेवलेलं असेल. बाबांनी घर दादाच्या आणि माझ्या नावावर केलं होतं. दादाचा भाग आता तुझा, पण मागची बाजू माझी आहे, आणि स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे.

तू एकटी. एवढ्या घराचं काय करणार आहेस? तुझा भाऊ आहे, त्याच्याकडे जा. तुझ्याही जिवाला माणसांची सोबत होईल.

तुझी,
नणंद


८ डिसेंबर

॥ श्री ॥

वन्सं यांस आशीर्वाद.

तो टॉवेल घरातला सगळ्यात चांगला होता. बाकीचे विरलेले होते, ह्यांच्या टॉवेलला तर मधोमध भोक. लांबून आलेल्या नणंदेच्या हातात विरलेला टॉवेल द्यायची लाज वाटली. त्याचा असा अर्थ होईल हे सुचलं नाही. ट्रंका तुमच्या खोलीत ठेवायला सासूबाईंनी सांगितलं होतं. मी कोण होते ठरवणारी?

तुमचं पत्र आल्यावर भावाला लिहिलं. तुम्ही सुचवलंत म्हणून. चार दिवसांत त्याचं उत्तर आलं, भाऊ कसा तत्पर बघा. "ताई, जरूर ये. हे घर तुझंच आहे. किती दिवसांसाठी येतेस तेवढं आधी कळव, म्हणजे त्याप्रमाणे सोय करू." भावजयीने खाली एक ओळ लिहिली आहे, "येताना अंथरूण आणावं."

परक्याचं धन मलाही म्हणायचे, वन्सं. ते काही तुमच्या एकटीचं नाही. माझ्या आईने तेच सांगून वाढवलं आणि इथे पाठवलं. इथे आल्यावर तुमच्या आई आल्यागेल्याला सांगायच्या, "ही बाहेरून आलेली, हिला आमची रीत कुठली ठाऊक." माहेरी जाणारी आणि सासरी आलेली. ज्या घरची म्हणावी असं घर कुठलं, ते मलाही कोणी सांगितलं नाही. तुम्ही निदान रडण्यापुरतं एक घर बरोबर घेऊन गेलात. मी माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरासाठी रडायला बसले असते, तर इथला स्वयंपाक कोणी केला असता?

आता कामाचं. तुम्ही समोरची खोली घ्या. मामंजींची आरामखुर्ची घ्या, ह्यांचं टेबल घ्या, जिना घ्या. काही पुसणार नाही, शब्द देते. पण स्वयंपाकघर नको. देव त्या कोनाड्यात आहेत. रांधते तिथे. आणि हे गेल्यापासून झोपतेही तिथेच, ओट्याच्या बाजूला सतरंजी टाकून, बाकीच्या खोल्या खायला उठतात म्हणून. घर मोठं दिसतं ते बाहेरून. मी राहते ती तेवढ्या एका खोलीत. ती कापून नेलीत तर तुम्ही छापलंय ते खरं होईल.

वयाने मोठी आहे, तरी हात जोडून मागते.

वहिनी


११ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून त्रास झाला. पण भावनेच्या आहारी जाऊन एवढी गोष्ट हातची घालवता येणार नाही. करार झाला आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माणसं येतील. ती मोजमापं घेतील, प्रत्येक दगडाला आकडा घालतील आणि भिंत करवतीने कापतील. ती यात तरबेज आहेत. कागदपत्रं वकील आणून दाखवतील.

तुला बाहेरच्या खोलीत ओटा बांधून देतील. मी तसं सांगून ठेवलं आहे. तुला इतकी हौस आहे तर देवही तिथे नेता येतील. देवाला कुठलीही भिंत चालते, हे तूच सांगायचीस.

आणि वहिनी, एकच विनंती. या वेळी कृपा करून काही पुसू नकोस, धुऊ नकोस, रंगवू नकोस. कशाला हातही लावू नकोस.

तुझी,
नणंद


३० जानेवारी

॥ श्री ॥

वन्सं यांस आशीर्वाद.

तुमच्या माणसांना यायची तसदी देऊ नका. उगाच खेप पडेल. स्वयंपाकघर पाडलं.

शिंपीण म्हणाली होती, आधी वकिलाला विचारा. म्हटलं, विचारलं तर तो नको म्हणेल. न विचारलेल्याला तो काय म्हणणार?

सोमवारी गवंडी आणि त्याची बायको आली. त्याने भिंतीवर मूठ आपटून बघितली.

"बाई, ही भिंत अजून आपल्या दोघांना पोचवेल. कशाला पाडता?"

"हिला मागणी आली आहे."

"मग द्यायची! जुन्या भिंतीला कोण विचारतं हल्ली?"

"म्हणूनच पाडते आहे. तुम्ही पहार घ्या."

त्याची बायको म्हणाली, "अहो, मालकीण सांगते तसं करा ना. आपल्या घरात एकदा तरी बाईने सांगितलेलं ऐकलंय का?" तो म्हणाला, "इथे पैसे मिळतात, म्हणून ऐकतो." तेवढ्यावर सगळे हसलो. नंतर कोणी हसलं नाही.

ओटा आधी फोडला. मग फरशी उचकटली. ती निघता निघेना, एवढी घट्ट बसली होती. भांड्यांची फळी होती तिथल्या खुंट्या काढल्या. देव मी सकाळीच ताम्हनात काढून समोरच्या खोलीत नेले होते, त्यांना ओली फुलं वाहून, क्षमा मागून. कोनाडा रिकामा होता. तरी तिथे आल्यावर गवंड्याने पहार खाली ठेवली. म्हणाला, "देवाची जागा आहे, बाई. माझा हात उठत नाही." बायकोकडे बघितलं, तिने मान फिरवली.

मग मी घेतली. जड होती. पहिल्या घावाने नुसता गिलावा पडला, आत वातीच्या धुराने काळं झालेलं होतं ते सगळं माझ्या अंगावर आलं. त्या कोनाड्यात मी पोरासाठी नवस केले, ह्यांच्या आजारात माळ ओढली, तुमचं विमान सुखरूप उतरू दे म्हणून दिवा लावला. सगळं मला आठवत होतं. आठवायचा मक्ता एकट्या तुमच्याकडे नाही. पण माझं ते शाबूत ठेवलं असतं, तर तुम्ही कापून नेलं असतंत. देवाने पाहिलं. माझं पाप असेल तर तो माझ्याकडून घेईल, तुमच्याकडे मागायला येणार नाही.

राडारोडा गाडीवाल्याने नेला. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खचला आहे, तिथे भराव हवाच होता. तेव्हा तुमच्या आईचा ओटा आता त्या खड्ड्यात आहे. वरून गाड्या जातात. तुम्हाला दगडांना आकडे घालायचे असले तर तिथे यावं लागेल.

तुम्ही आता मला पत्र लिहिणार नाही, हे माहीत आहे. कोर्टात जाल कदाचित. जा. निम्मं तुमचं आहे, ते तुमचंच राहील, मी नाकारत नाही. बघायला आलात तर मात्र तुमच्या ओळखीचं इथे काही नाही. ते राहिलं असतं तर मला राहता आलं नसतं.

काल त्याच जागी नवा ओटा धरायला घेतला. सासूबाई उंच होत्या, पहिला ओटा त्यांच्या मापाने बांधलेला होता. मी आले त्या दिवसापासून ओट्यापाशी दोन विटा ठेवून त्यांवर उभी राहून रांधत आले. मान अवघडायची, पण ओटा काही कोणी सुनेसाठी फोडत नाही. त्या विटाही गवंड्याच्या बायकोने टोपलीत घालून गाडीत टाकल्या, तिला काय माहीत.

गवंडी म्हणाला, "किती उंच धरू?"

मी चपला काढून जमिनीवर उभी राहिले. त्याने कमरेशी दोरी धरली, उरलेल्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढली, आणि मागे सरून बघितलं.

"बाई, फारच बुटका होईल. उद्या घर विकायचं झालं तर असला ओटा कोणी घेणार नाही."

म्हटलं, "रेघ आहे तिथेच ठेवा."

वहिनी